काकूंना कोण बोलणार

रविवारी दुपारी तीन ते सहा या वेळात मी कुणाकडे जात नाही, आणि त्या वेळात आमच्याकडे कुणी आलेलं मला चालत नाही. नातेवाइकांना हे आता पाठ झालं आहे. नणंदेने लेकीचं डोहाळजेवण मुद्दाम माझ्यासाठी सकाळी अकराला ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, की वहिनींची दुपारी मीटिंग असते. मीटिंग नसते, रेड असते. पण रेड म्हटलं की आमच्या लोकांना दारावर आलेले सरकारी अधिकारी दिसायला लागतात, म्हणून मीही मीटिंगवर भागवून नेते.

रेड म्हणजे काय ते एकदाच सांगते. कॉम्प्युटरवरचा एक खेळ आहे. त्यात किल्ले आहेत, जंगलं आहेत, जादू आहे, राक्षस तर पोत्याने आहेत, आणि जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात फिरत असतात. त्यातले काही राक्षस इतके दांडगे आहेत की एकट्यादुकट्याचं तिथे काम नाही. वीस जणांनी ठरवून, एकत्र, एकेकाचं काम वाटून घेऊन जायचं. एक जण पुढे उभा राहून राक्षसाचा मार खातो, त्याला टँक म्हणतात. बरेच जण राक्षसाला मारतात. आणि चार जण मागे उभे राहून बाकीच्यांच्या जखमा भरतात, ते हीलर. मी हीलर आहे. वय सत्तावन्न, डावा गुडघा दुखरा, दारावर ‘चप्पल बाहेर काढा’ अशी पाटी, आणि हीलर.

मी तीस वर्षं ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. डोंबिवलीहून रोज जायचे, यायचे. माझं काम रक्तातल्या पेशी मोजायचं. डोळे मायक्रोस्कोपला लावायचे आणि डाव्या हाताची बोटं काउंटरच्या कळांवर ठेवायची, प्रत्येक जातीच्या पेशीला वेगळी कळ. दिसली पेशी की दाबली कळ. शंभर झाल्या की काउंटर टिंग करायचा. कळांकडे बघायचं नसतं, आणि मोजणी अर्ध्यात सोडायची नसते. मध्येच कुणी हाक मारली आणि तुम्ही मान वर केली, तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. म्हणून मी हाकेला ओ देत नसे. एकदा लॅबमध्ये शॉर्टसर्किट होऊन धूर झाला, सगळे जिन्यात जाऊन उभे राहिले, आणि मी एक्काहत्तरवरून शंभरपर्यंत मोजून मग बाहेर आले. याचा मला फार अभिमान होता. डॉक्टरांनी झापलं तरी होता.

मग मोजणीचं मशीन आलं. मशीनबद्दल माझी तक्रार नाही. ते माझ्यापेक्षा भराभर मोजतं आणि चहाला उठत नाही. मला सॅम्पलवर लेबलं चिकटवायला बसवलं. वर्षभर चिकटवली आणि मग नोकरी सोडली. घरी बसल्यावर डाव्या हाताची बोटं आपोआप हलायची. टीव्ही बघताना सोफ्याच्या हातावर हलायची. ह्यांना वाटलं काहीतरी आजारच आहे, ते मला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले होते.

हा खेळ आमच्या लेकीचा. ती ठाण्यात नोकरी करते, तेव्हा घरून काम होतं, आणि सुट्टीच्या दिवशी ती हे खेळायची. एका रविवारी तिला ऑफिसचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “मम्मी, दोन मिनिटं बस इथे. ज्याची पट्टी कमी होईल त्याच्यावर माउस ने आणि ही कळ दाब. बाकी काही करू नको.” मी बसले. पडद्यावर वीस हिरव्या पट्ट्या होत्या, एकेका माणसाची एकेक. कुणाची पट्टी निम्मी होत होती, कुणाची पाव, आणि चार कळा होत्या चार तऱ्हेच्या औषधांच्या. माझी बोटं सुटली! लेक फोन संपवून आली तेव्हा दोनाची वीस मिनिटं झाली होती आणि एकही माणूस मेला नव्हता. ती मागे उभी राहून बघतच राहिली. मी मान वर केली नाही.

पुढे तिचं वेड उतरलं आणि माझं चढलं. ती वेळीअवेळी पळायला जायला लागली, तिला तिकडे मैत्रिणी मिळाल्या. कॉम्प्युटर माझ्याकडे आला. वर्षभर मी एकटीने शिकले, अनोळखी लोकांबरोबर लहानसहान राक्षस मारले, पुष्कळदा मेले. मग आमच्याच पट्ट्यातल्या लोकांची एक टीम हीलर शोधतेय असं मला खेळातच कळलं. ठाणे, डोंबिवली, कल्याण, शहाड, आणि दोघं नाशिकचे. बोलणं सगळं मराठीत. माझी परीक्षा घ्यायला त्यांनी मला माईकवर बोलावलं. मी म्हटलं, “नमस्कार, आवाज येतोय का माझा?” पलीकडून एक जण हळूच म्हणाला, “येतोय, काकू.” तेव्हापासून मी सगळ्यांची काकू.

त्यातल्या तिघांची ओळख करून द्यायला हवी. आमचा लीडर शहाडचा, डोंबिवलीच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये शिफ्टवर असतो. दिवसभर काटे आणि दिवे बघायची सवय, त्यामुळे आवाज कधी चढत नाही. वीसच्या वीस जण मेले तरी तो म्हणणार, “ठीक आहे, परत जमूया.” दुसरी माझ्यासारखीच हीलर, नौपाड्यातली दातांची डॉक्टर, वयाने माझ्या लेकीएवढी. हिची जीभ म्हणजे ड्रिल मशीन. कुणी चुकला की ही भूल न देता सुरू होते. आणि तिसरा आमचा टँक. कल्याणकडच्या एका जुन्या गावातला, जिथे आता शेतांवर टॉवर उभे आहेत. बांधकामाला विटा-रेती पुरवतो, आणि माझ्याशी एवढ्या मायेने बोलतो की ऐकत राहावं. “काकी, जेवलाव का? मंग चला, राक्षसाला जेवाया घालू.”

रविवारची दुपार का, तर संध्याकाळनंतर सगळ्यांच्या बिल्डिंगी इंटरनेटला लोंबकळलेल्या असतात. दुपारी जेवून जग झोपतं आणि लाइन मोकळी मिळते. आमच्याकडे सकाळी विहारातली वंदना उरकून येता येता मटण आणायचं, एक वाजता जेवणं, दोन वाजता ह्यांचं घोरणं सुरू, पावणेतीनला मी खुर्चीवर. पाठीला उशी, बाजूला पाण्याची बाटली, आवाज स्पीकरवर. हेडफोन मला सोसत नाही, चष्म्याची काडी कानामागे रुतते.

आणि आठवडाभराची तयारी वेगळीच. रेडमध्ये वीस जणांना औषधांच्या बाटल्या लागतात, त्या खेळातच बनवाव्या लागतात, आणि त्यासाठी खेळातल्या डोंगरांवरून झाडपाला खुडून आणावा लागतो. हे काम तरुण पोरांना कंटाळवाणं वाटतं. मला नाही वाटत. दुपारी कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत डोंगरावर जाऊन निळी फुलं तोडायची. वीस जणांच्या बाटल्या मी एकटी भरायचे. कुणी आभार मानले की मी म्हणायचे, त्यात काय एवढं, आणि मनातून फुलून जायचे.

आमच्या टीमचा एक रिवाज आहे. सगळे मेले की पुन्हा उभं राहण्याआधी ज्याच्यामुळे मेले त्याने माईकवर म्हणायचं, “माझी.” म्हणजे चूक माझी. कारणं सांगायची नाहीत, लाइट गेले नि मांजर आडवं आलं असलं काही नाही. फक्त “माझी.” मग डॉक्टरीण काय सांडायचं ते सांडणार, लीडर उपाय सांगणार, आणि पुढे. आणखी एक नियम होता. एकाच रविवारी तीच चूक तीनदा झाली, तर त्या माणसाने बाहेर बसायचं आणि राखीव दोघांपैकी एकाने आत यायचं. मी टीममध्ये आल्याला आठ महिने झाले होते आणि माझ्यावर एकदाही “माझी” म्हणायची पाळी आली नव्हती. एकदाही नाही! मी हे विहारातल्या बायकांना सांगितलं होतं. त्यांना रेड कळत नव्हती, पण आठ महिन्यांत एक चूक नाही हे कळलं, आणि एकीने नवऱ्याला कोपराने ढोसलं, “बघा.”

मग राखेची राणी आली.

आपल्या देशातल्या टीमांची आपसात एक शर्यत चालते. नवे राक्षस आले की सातच्या सात कोण आधी मारतं ते बघायचं. बक्षीस वगैरे काही नाही, नुसती इभ्रत. आम्ही सहा मारून वरच्या तिघांत होतो आणि सातव्याशी अडकलो. ही राणी राखेतून वर येते, दोन माणसांएवढी उंच, आणि कुणाही एकाच्या पायाखाली काळं वर्तुळ टाकते. ज्याच्या पायाखाली पडलं त्याने चार सेकंदांत डाव्या भिंतीपाशी पळून जायचं, नाहीतर ते फुटून सगळे खलास. शेवटी शेवटी ती टँकला लाथ घालून दरीच्या कडेकडे उडवते. तिथे डॉक्टरणीचं काम. तिच्याकडे एक जादू आहे, लांबच्या माणसाला दोरी टाकल्यासारखं आपल्याकडे खेचून घ्यायची. एकदा वापरली की दोन मिनिटं पुन्हा मिळत नाही. तिने टँकला खेचायचं, आणि मग राणीचा जीव जाईपर्यंत सगळ्यांनी तुटून पडायचं.

आणि दर वेळी आमचा टँक दरीत पडत होता. आठवड्यामागून आठवडे. दर वेळी माईकवर त्याचा आवाज, “माजी. कडेला गेलो जरा.” दर वेळी डॉक्टरीण गप्प, आणि तिसऱ्यांदा पडला तरी लीडर त्याला बाहेर बसवत नव्हता. हे दोन्ही मला खटकायला हवं होतं. पण मी आपली रविवारी सहानंतर चहा पिताना लेकीला सांगायचे, “पोरगा सोन्यासारखा आहे गं, पण उभं कुठे राहायचं ते कळत नाही त्याला.”

शेवटी मी ठरवलं की दोष शोधायचा. लॅबमध्ये रिपोर्ट चुकीचा आला की डॉक्टर मलाच शोधायला सांगायचे. प्रत्येक लढाईचा लॉग असतो, म्हणजे कुणी कुठल्या सेकंदाला काय केलं याची नोंद, आणि ती कुणालाही उघडून बघता येते. लेकीने ती कुठे सापडते ते दाखवलं आणि पळायला निघून गेली. मी लांबट वही काढली, पट्टीने रकाने आखले, चष्मा पुसला. एक्केचाळीस लढाया होत्या. टँक कधी पडला, कुठे उभा होता, डॉक्टरणीने खेचण्याची जादू कधी वापरली, कुणावर वापरली. उभ्या चार रेघा, पाचवी आडवी.

टँक चुकीच्या जागी उभा नव्हता. तो पहिल्यापासून जिथे सांगितलं तिथेच होता. डॉक्टरणीकडे त्या क्षणी खेचायची जादूच शिल्लक नव्हती. ती आधीच कुणावर तरी खर्च झालेली होती. मी कुणावर ते बघितलं. पहिल्या लढाईत माझ्यावर. दुसरीत माझ्यावर. सातवीत दुसऱ्याच कुणावर, आठवीत पुन्हा माझ्यावर. वहीत माझ्या नावाच्या रकान्यात रेघा मावेनात.

मग मी माझ्याच नोंदी उघडल्या. माझ्या पायाखाली वर्तुळ पडलं की मी काय करते, सेकंदागणिक. मी हलतच नव्हते. हातात मोठं औषध देण्याचा मंत्र सुरू असायचा, तो पूर्ण व्हायला तीन सेकंद लागतात, आणि मी तो पूर्ण करत होते. एक्काहत्तरवरून शंभरपर्यंत. मग वळायचे, तोवर वेळ संपलेली. आणि नेमकं तेव्हा डाव्या भिंतीपाशी उभ्या डॉक्टरणीने मला तिकडे खेचून घेतलेलं असायचं. मला ते खेचणं माहीत होतं, नाही कसं! पण मला वाटायचं ही मुद्दाम केलेली सोय आहे, मुख्य हीलरचा वेळ वाचावा म्हणून. लीडरनेच तसं गोडीत सांगितलं होतं. “काकू, तुम्ही आपलं काम करत राहा, तुम्हाला हलवायचं आमच्याकडे.”

मग आधीच्या राक्षसांच्या नोंदी उघडल्या; तिथेही हलायची वेळ आली की मला कुणीतरी हलवलेलंच होतं. मला लाज वाटली. खोलीत एकटी असूनही तोंड गरम झालं. आठ महिने ही पोरं मला सांभाळून घेत होती, आणि मी टँकला नावं ठेवत होते. म्हणजे मी खेळत होते की मला कडेवर घेऊन फिरवत होते? तिथेही मला लेबलं चिकटवायलाच बसवलं होतं का? मी वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मोजलं. रेघा तेवढ्याच भरल्या.

मी लीडरला फोन लावला. तो शिफ्टवर होता, अर्ध्या तासाने त्याचा उलट फोन आला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मी विचारलं, “राणीजवळ मला खेचायचं कुणी ठरवलं?”

तो जिन्यात आला असावा, घरघर कमी झाली. मग म्हणाला, “काकू, ते प्लॅनिंगमध्ये आहे.”

“टँक दरीत जातो तेही प्लॅनिंगमध्ये आहे का?”

“काकू, ऐका ना. तुमचं हीलिंग सगळ्यात चांगलं आहे, ते खरंच आहे, नंबर बघा तुम्ही. फक्त ते हलायचं जरा...”

“मग सांगितलं का नाहीस? आठ महिन्यांत कुणालाच तोंड नव्हतं?”

“कसं बोलायचं तुम्हाला?” तो एकदम काकुळतीला आला. “माझी आई तुमच्याहून लहान आहे, काकू. तुम्ही सगळ्यांसाठी बाटल्या भरता, जेवलास का विचारता. तुम्हाला ‘चुकलात’ म्हणायचं कुणी? मी सगळ्यांना विचारलेलं. कोणीच तयार नाही झालं. डॉक्टर पण नाही म्हणाली.”

डॉक्टरीणसुद्धा! जी आपल्या पेशंटला तोंड उघडायला लावून वर शिव्या घालते, ती! मला आधी राग आला, आणि रागाच्या खाली खूप वाईट वाटलं. मी म्हटलं, “हे बघ, मान द्यायचा असेल तर माझ्या सत्काराला ये. रेडमध्ये मला मान नको. या रविवारपासून मला कुणी खेचायचं नाही. ती जादू टँकसाठी. मी चुकले तर सगळे मरा. आणि तीनदा चुकले तर मला बाहेर बसव, बाकीच्यांना बसवतोस तशी.”

“काकू...”

“नसेल जमत तर मी आत्ताच टीम सोडते. बाटल्या भरायला दुसरी काकू शोध.”

तो म्हणाला, “बरं.” त्या ‘बरं’मध्ये त्याचा जीव किती गेला ते मला फोनवरही कळलं.

त्या रविवारी मी मटण केलं, पण मला जेवण गेलं नाही. हे म्हणाले, मीठ बरोबर आहे की. पावणेतीनला खुर्चीवर बसले, पाठीला उशी घ्यायची राहूनच गेली. माईकवर सगळे होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. राखीव दोघांमधला एक हीलर होता, तोही येऊन बसला होता, चुळबुळत. मला तीन संधी होत्या. नंतर माझ्या जागी तो.

पहिली लढाई. निम्म्यावर माझ्या पायाखाली वर्तुळ आलं. मला दिसलं. मला सगळं माहीत होतं, वहीत लिहिलेलं होतं. पण मंत्र सुरू होता, पट्टी भरत आली होती, आणि बोट कळेवरून उठेना. वर्तुळ फुटलं. वीस जण एका दमात गेले. सगळे थांबले होते, कुणीतरी खोटंच “माझी” म्हणेल आणि सुटू या आशेवर. मी घसा खाकरला आणि म्हटलं, “माझी.”

“ठीक आहे,” लीडर म्हणाला. “परत जमूया.” डॉक्टरीण गप्प.

दुसरी लढाई. वर्तुळ माझ्यावर लवकर आलं. या वेळी लीडरने हाक दिली, “काकू, तुमच्या पायाखाली आलेलं आहे, जमलं तर जरा डावीकडे...” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आम्ही मेलेलो होतो. “माझी,” मी म्हटलं. आवाज जरा चिरकला. टँक बिचारा म्हणाला, “काकी, होतंय होतंय, टेन्शन नका घेव,” आणि मला ते बरं वाटायच्या ऐवजी रडू आलं. मला सांत्वन नको होतं. मला तिथे राहायचं होतं.

तिसऱ्या लढाईआधी मी पाणी प्यायले. वही बाजूला होती ती पालथी टाकली. लीडरने मोजलं, तीन, दोन, एक, आणि आम्ही आत. मी ठरवलं होतं की मोठा मंत्र घ्यायचाच नाही, छोट्या कळांवर भागवायचं. पण दोघातिघांच्या पट्ट्या एकदम कोसळल्या आणि बोट सवयीने मोठ्या कळेवर गेलंच. त्याच क्षणी पायाखाली काळं. एक सेकंद. दोन.

“काकू!” स्पीकर फाटेल एवढ्याने डॉक्टरीण ओरडली. “सोडा ना तो मंत्र! पळा! मुहूर्त बघताय का!”

मी सोडला. मंत्र अर्ध्यात राहिला, पट्टी भरायची राहिली, ज्याला औषध द्यायचं होतं तो तसाच लटकत राहिला, आणि मी डाव्या भिंतीकडे धावत सुटले. वर्तुळ माझ्या एकटीवर फुटलं, भिंतीपाशी. माझी पट्टी अगदी तळाला गेली, पण मी जिवंत होते. सगळे जिवंत होते. अर्ध्यात सोडलेला तो माणूसही दुसऱ्या हीलरने वाचवला होता. मी तीस वर्षं कुणाला विचारलंच नव्हतं की बाकीचे काय करतात.

शर्यतीचं इथेच सांगून टाकते, म्हणजे उत्सुकता नको. राणी त्या दिवशी पडली नाही. दोन रविवारांनी पडली. तोवर दोन टीमांनी सातही संपवले होते, आम्ही तिसरे आलो, आणि नाशिकच्या दोघांनी त्याबद्दल तिकडे पेढे वाटले म्हणे. मी नवी सवय लावायला स्वयंपाकघरातसुद्धा सराव केला. भाजी चिरता चिरता लेक “वर्तुळ!” म्हणायची, आणि मी सुरी खाली ठेवून बाल्कनीत जायचे. ह्यांना अजून वाटतं मेंदूच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं.

पण मला सांगायची आहे ती त्या तिसऱ्या लढाईची गोष्ट. आम्ही इतके पुढे कधीच गेलो नव्हतो. राणीने टँकला लाथ घातली, तो कडेकडे उडाला, आणि पहिल्यांदाच डॉक्टरणीकडे जादू शिल्लक होती. तिने त्याला खेचलं. माईकवर एकच गलका झाला. राणीची पट्टी नखाएवढी उरली होती. मी भिंतीपासून परत धावत आले, मला हसू येत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, मी भराभर सगळ्यांना औषधं देत सुटले, ज्याला हवं त्याला, ज्याला नको त्याला. आणि त्या आनंदात टँककडे बघायचं राहिलं. तो समोर उभा राहून मार खात होता, त्याची पट्टी संपत होती, आणि तो माझ्याच वाटणीचा होता. तो मेला. मागोमाग बाकीचे आम्ही एकोणीस.

मग डॉक्टरीण सुटली.

“काकू, टँक! टँक मेला तुमच्यासमोर! सगळ्यांत वरची पट्टी त्याची असते, ती दिसत नाही? ज्याला ओरखडा नाही त्याला औषध पाजत होतात! हळदीकुंकू आहे का, प्रत्येकीला वाण द्यायला? नखाएवढी राहिली होती ती, नखाएवढी!”

“काकी, मी मेलो ना तिथं,” टँक कळवळून म्हणाला, “आनि तुमी माज्याकडं बगतसुदा नाय!”

“एकेक करून बोला,” लीडर म्हणाला, आणि मग तोही थांबला नाही. “पण काकू, हे चालणार नाही. टँक तुमचा होता. पुन्हा असं झालं तर मोजणार मी.”

डॉक्टरणीचं अजून चालूच होतं. आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला असणार, कारण दार ढकलून लेक आत आली. पळायला जाऊन आलेली, घामाने निथळत, कपाळावर आठ्या. “कोण आहे ही बाई? तुझ्याशी असं बोलते? मम्मी, तो माईक दे इकडे, मी बघते तिला.”

मी हात आडवा घातला आणि तिला खाली बसवलं.

“गप गं,” मी म्हटलं. “मला बोलतायत. ऐकू दे.”